उन्हात ठेवलेली पेटी

हिरवी पेटी मी उन्हात ठेवली. एवढंच केलं होतं.

चिंचवडच्या वाचनालयाचं मागचं अंगण. फरशी तापलेली. तिच्यावर पत्र्याच्या दोन पेट्या, झाकणं उघडी, पुस्तकं पसरलेली. काळी पेटी आमच्या कामगार वस्तीतून फिरून आलेली. हिरवी पेटी कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कॉलनीतून. काळी पेटी परत आली की दिवसभर उन्हात ठेवायची, पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घालायचा, मगच पुस्तकं कपाटात लावायची. हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. कसर लागते म्हणून. मला तो पटला होता. पुस्तकाला कसर लागतेच. त्या दिवशी हिरवी पेटी उघडली, तर एका जाड कादंबरीच्या पाठीतून कसरच पळाली. चंदेरी, लांब मिशांची. म्हणून मी तीही पेटी उन्हात नेली.

वाचनालयाचे कार्यवाह अप्पासाहेब मागच्या दारात येऊन उभे राहिले. सगळा कारभार त्यांच्याच हातात होता. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

"ही पेटी कुठली, ती कुठली, एवढंही कळत नाही तुला?"

मी म्हटलं, "अप्पासाहेब, हिच्यात कसर निघाली."

"मला शिकवू नकोस. हिरवी आत घे. आणि आधी हात धू."

मी हात धुतले. नळाखाली हात धरून उभी होते आणि तेव्हा मला कळलं. इतके महिने मी आमच्याच माणसांचा स्पर्श उन्हात वाळवत होते. दर खेपेला. माझ्याच हातांनी. पाला तोडून आणायचे तोही आमच्या वस्तीतल्या झाडाचा.

आमची वस्ती पिंपरीत, रेल्वेलाइनीच्या पलीकडे. बा कंपनीत भट्टीवर होता. त्याला वाचता येत नव्हतं. गेटवर युनियनची पत्रकं वाटली की तो ती घडी करून जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचा. मी वाचायची, तो भाकरी खाता खाता ऐकायचा. एखादं वाक्य आवडलं की म्हणायचा, "ते परत वाच." शाळेनं मला अक्षरं दिली, वाचायला पत्रकांनी शिकवलं. म्हणून माझी वाक्यं अशी आहेत. पत्रकात जागा कमी असते. नमस्कार-चमत्काराला वाव नसतो.

मॅट्रिक झाल्यावर वाचनालयात लागले. त्यांना माझी दया आली म्हणून नव्हे. अनुदान हवं तर कामगार आणि बायकांसाठी काही करून दाखवावं लागत होतं. म्हणून फिरत्या पेट्या काढल्या. वस्तीत पेटी घेऊन कोण जाणार? वस्तीतलीच कुणी तरी. पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधायची आणि सायकल ढकलत न्यायची. बाकीचा वेळ पुस्तकं झाडायची, लावायची, फाटलेली पानं खळ लावून चिकटवायची. देवघेवीच्या खिडकीत मात्र बसायचं नाही. खिडकीत पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जातं. झाडताना मला कुणी बघत नव्हतं. खिडकीत सगळ्यांनी बघितलं असतं. संध्याकाळी सभासद यायला लागले की मला मागच्या खोलीत काम निघायचं.

आमच्या बायका पुस्तक घेण्याआधी पदराला हात पुसायच्या. सोजरमावशी दुष्काळात मराठवाड्यातून आलेली, बांधकामावर विटा वाहायची. तिला अक्षर येत नव्हतं, तरी ती दर वेळी पुस्तक न्यायची. सून वाचून दाखवायची. परत आणताना पुस्तकाला साखरेच्या पुड्याचा कागद लावलेला असायचा. कॉलनीतून येणाऱ्या पुस्तकांवर चहाच्या कपाची वर्तुळं असायची. पोरांनी नायिकेला काढलेल्या मिशा असायच्या. ती पुस्तकं थेट कपाटात.

वाचनालयात एक मासिक यायचं. राज्यभरच्या वाचनालयांचा मिळून एक संघ होता, त्याचं ते मासिक. पातळ, पिवळट कागदाचं. सभासद त्याला हात लावायचे नाहीत. मी ते मागच्या पानापासून वाचायची. मागच्या पानावर 'पाहिजेत' असायचं. अमुक गावी कॉलेजात ग्रंथपाल पाहिजे. तमुक साखर कारखान्याच्या वाचनालयात ग्रंथपाल पाहिजे, राहण्याची सोय आहे. मी न पाहिलेली गावं. तिथल्या न पाहिलेल्या खुर्च्या. मी बाला वाचून दाखवायची आणि तो गंभीरपणे विचारायचा, "तिकडं पाणी बरं असंल का?" जणू उद्या बिऱ्हाड हलवायचंय.

प्रत्येक जागेखाली एक अट ठरलेली. ग्रंथपालनाचा वर्ग केलेला हवा. तो वर्ग संघच पुण्यात घ्यायचा. प्रवेश कुणाला? नोंदणी झालेल्या वाचनालयात काम करणाऱ्याला, वाचनालयानं शिफारस केली तर. एका वाचनालयातून एक नाव. आमच्याकडे सबंध दिवस पुस्तकांत हात घालणारी मी एकटीच होते.

हात धुण्याचं झालं त्यानंतर मी शिफारस मागायची नाही असं ठरवलं होतं. बा म्हणाला, "माग. न्हाई म्हनंल तर म्हनू दे. पर तोंडानं म्हनू दे त्याला."

मी मागितली. अप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, हसले. अगदी प्रेमानं हसले. म्हणाले, "तू हुशार आहेस, म्हणून तुला स्पष्ट सांगतो. ग्रंथपाल म्हणजे लोकांच्या हातात पुस्तक देणारा. तू देशील गं. पण लोकांनी घेतलं पाहिजे ना."

हे वाक्य मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही. भाकरीबरोबर खाल्लं, उशाशी घेऊन झोपले.

शिफारस त्यांच्या भाच्याची गेली, कागदोपत्री कामाला दाखवून. भाचा वाचनालयात यायचा तो कॅरम खेळायला.

पुढच्याच महिन्यात मासिकात 'वाचनालयांची वार्ता' या सदरात आमचं नाव छापून आलं. आमचं म्हणजे त्यांचं. कामगार वस्तीत ज्ञानाचा दिवा नेणारी पेटी, असा मथळा. खाली अप्पासाहेबांचा फोटो. माझा उल्लेख 'एका सेविकेमार्फत' एवढाच. मी ती वार्ता वस्तीत नळावर वाचून दाखवली. सोजरमावशी म्हणाली, "दिवा त्यानं आनला व्हय? मला तर सायकल ढकलनारी तूच दिसली."

त्या वर्षी संघाचं अधिवेशन चिंचवडला भरलं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते, लोकांना भाषणांची भूक होती. मंडप भरला. गावोगावचे ग्रंथपाल, कार्यवाह, खादीचे सदरे, खांद्यावर शबनम. संघाचे अध्यक्ष बाहेरगावचे होते. त्यांनीच कळवलं होतं की पेटी व्यासपीठावर ठेवा, आणि ती वस्तीत नेणारी जी कुणी बाई आहे तिच्या हातून मला एक पुस्तक द्या, म्हणजे उद्घाटन झालं. अप्पासाहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी मला आदल्या दिवशी शिकवलं. नमस्कार करायचा. पुस्तक द्यायचं. मागं सरायचं. बोलायचं नाही.

काळी पेटी मी आदल्या संध्याकाळीच वस्तीतून आणली होती. ऊन दाखवायला वेळच नव्हता. अप्पासाहेबांनी तिच्यावर जरीचा खण टाकला, वर झेंडूची माळ घातली. जरीनं भागलं.

सकाळी मी पेटीशेजारी उभी राहिले. माझं नाव पुकारलं नाही. 'आमची सेविका' म्हणाले. मी पेटी उघडली. वरचंच पुस्तक उचललं, साखरेच्या पुड्याच्या कागदाचं. अध्यक्षांनी हात पुढं केला. समोर माईक होता.

मी पुस्तक दिलं नाही. म्हटलं, "साहेब, घेऊ नका. ही पेटी वस्तीतून आली आहे. आमच्या वाचनालयात अशी पेटी आधी दिवसभर उन्हात ठेवतात. मग माणसं हात लावतात. ही अजून ठेवलेली नाही."

अध्यक्षांचा हात हवेतच राहिला. मी त्या हाताकडे बघत होते. तो पुढंही आला नाही, मागंही गेला नाही. त्यांनी मान वळवून अप्पासाहेबांकडे पाहिलं. अप्पासाहेब म्हणाले, कसरीसाठी, कसरीसाठी, सगळीकडे करतात.

मंडपातून कुणी तरी विचारलं, "किती पेट्या ठेवता उन्हात?"

मी म्हटलं, "पेट्या दोन आहेत. उन्हात एकच ठेवतात."

मग निवेदक पुढं आला, वेळेचं भान ठेवू या म्हणाला, आणि स्वागतगीत सुरू झालं. पुस्तक माझ्याच हातात राहिलं.

दुपारी श्रीखंडपुरीच्या पंगती बसल्या. हात धुवायच्या जागी तीन-चार प्रतिनिधी माझ्याजवळ आले. इकडंतिकडं बघून, हळू आवाजात म्हणाले, "बाई, बरोबर बोललात." मंडपात यांच्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नव्हतं. अप्पासाहेबांचा मला राग आहे. या हळू बोलणाऱ्यांची किळस आहे.

पंगती चालू असताना मी व्यासपीठावर गेले. माळ काढून खुर्चीवर ठेवली, खण घडी करून तिच्याशेजारी ठेवला. पेटी खाली आणली, सायकलला बांधली आणि मंडपाच्या दारातून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. वजन वाहून नेणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी त्याचा मला उपयोग झाला.

पेटी मी परत केली नाही.

दोन दिवसांनी अप्पासाहेब वस्तीत आले. इतके महिने पेटी येत होती, ते पहिल्यांदाच आले. भर दुपार, चैत्राचं ऊन. स्कूटर लाइनीपाशी ठेवून चालत आले. सावली म्हणजे सोजरमावशीचं छप्पर तेवढं. पेटी तिथंच होती. ते छपराकडे वळले तशी मी उठले.

म्हटलं, "तिथंच थांबा. उन्हात."

त्यांना समजलं नाही. "काय म्हणालीस?"

"बाहेरून आलात. कसर असते."

नळावरच्या बायका हसल्या. सोजरमावशीनं बसल्या जागेवरून विचारलं, "लेकी, कडुनिंबाचा पाला आनू का गं?"

ते थांबले. पाय पुढं टाकला असता तर मी काही त्यांना ढकलणार नव्हते. पण टाकला नाही. म्हणाले, पेटी वाचनालयाची आहे, नोकरी तर गेलीच तुझी, आता फिर्याद करीन. मी म्हटलं, "करा. चौकीतही हेच सांगीन. माईक नसला तरी माझा आवाज पुरतो." मग ते नुसते उभे राहिले. कपाळावरून घाम उतरला, चष्म्याच्या कडेनं गालावर आला. शर्टाची कॉलर भिजून काळी पडली. त्यांनी पाणी मागितलं असतं तर मी दिलं असतं. मागितलं नाही. घसा कोरडा पडला तरी आमचं पाणी मागितलं नाही. मी बघत होते. मला बरं वाटत होतं. हे मी लिहून ठेवते, कारण अशा वेळी दया आली असं लिहायची पद्धत आहे. मला दया आली नाही.

ते गेले. फिर्याद झाली नाही. झाली असती तर कोर्टात दोन्ही पेट्यांचं नाव निघालं असतं.

मासिकात अधिवेशनाचा वृत्तांत आला. 'खेळीमेळीच्या वातावरणात पार पडले.' मी बाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ते परत वाच." मी परत वाचलं. या वेळी वाक्य आवडलं म्हणून नव्हे. जेवण ठेवून उठला आणि दाराबाहेर जाऊन बसला. नंतर म्हणाला, "त्यांच्या पुस्तकात आपलं नाव ते घालनार न्हाईत. आपनच घालाय पायजे."

म्हणून सोजरमावशीच्या छपराखाली वाचनालय काढलं. एक पेटी, गेटवरच्या कामगारांनी आणून दिलेली जुनी पुस्तकं, आणि एक बाक. पेटीतली पुस्तकं आता उन्हात जात नाहीत. अध्यक्ष सोजरमावशी. कार्यवाह बा. नोंदणीसाठी मी कचेरीच्या इतक्या खेपा घातल्या की शेवटी तिथला शिपाई मला बघून आधीच 'उद्या' म्हणायचा. पण नोंदणी झाली. आणि नोंदणी झाली म्हणजे वर्गासाठी शिफारस करायचा हक्क आला. आमच्या वाचनालयानं एक नाव पाठवलं आहे. माझं. खाली अध्यक्षांचा अंगठा आहे. सोजरमावशीनं तो इतका दाबून लावला की कागद मागून फुगला.

हे लिहितेय तेव्हा तो अर्ज संघाच्या कचेरीत पडून आहे. उत्तर नाही. या वर्षी नाकारतील, पुढच्या वर्षी पाठवीन. त्याही वर्षी नाकारतील, त्याच्या पुढच्या वर्षी. सोजरमावशीचा अंगठा काही झिजत नाही.

लोक सांगतात, झालं गेलं सोडून दे, क्षमा करणं मोठेपणाचं असतं. असेल. मला मोठं व्हायचं नाही. मला ग्रंथपाल व्हायचंय. आणि कुठल्या तरी लांबच्या साखर कारखान्यात नाही, राहण्याच्या सोयीसकट नाही. मासिक अजून मागच्या पानापासूनच वाचते. एक ना एक दिवस त्या पानावर चिंचवडच्या त्याच वाचनालयाचं नाव येईल. ग्रंथपाल पाहिजे. आता तिथं खिडकीत भाचा बसतो, पण तो काही टिकायचा नाही, त्याला कॅरम आहे.

त्या खिडकीत मी बसणार आहे. अप्पासाहेब तोवर म्हातारे झाले असतील. दुपार त्यांना खायला उठेल. पुस्तकाशिवाय राहवणार नाही. ते काठी टेकत येतील, खिडकीपाशी उभे राहतील आणि आत मला बघतील. मी काही बोलणार नाही. पुस्तक पुढं करीन, माझ्या या हातानं, हात न धुता.

मग त्यांनी ते घेतलं पाहिजे.