दोन पोटांची सुरई

बाईंना किळस यायला फारसं काही लागत नसे. मुलग्यांच्या हायस्कुलात उभा जन्म काढलेली एकुलती एक बाई. नाक तिखट झालं तर दोष कुणाचा? रंगमंचामागची त्यांची खोली म्हणजे नरकाची ओसरीच. घामेजलेले मोजे, मिशा चिकटवायचा डिंक, राजाच्या झग्यावरची बुरशी, आणि वरून भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेतून येणारा सडक्या अंड्यांचा वायू. आत शिरल्या की त्या पदर नाकाला लावून ओरडत, "शी! आज कोण मेलं रे?"

भिंतीपलीकडून विज्ञान मंडळाची मुलं सुरात उत्तर देत, "अजून कुणी नाही, बाई!"

सगळी शाळा त्यांना शीबाई म्हणे. एकदा मुख्याध्यापक फादरांच्याही तोंडून भर सभेत ते नाव निसटलं होतं. लग्नाचं कुणी विचारलं तर बाई म्हणत, "इतक्या नवरदेवांना मिशा चिकटवल्यात, हौस फिटली."

एवढ्या सगळ्या किळसवाण्या संसारात त्यांची माया होती ती एका सुरईवर. बायबलातल्या लग्नघरी चमत्काराने पाण्याचा द्राक्षारस होतो तो प्रवेश त्यांचं नाट्यमंडळ दर वर्षी करी, त्यासाठी बाईंनी ती पत्र्याची सुरई मुद्दाम घडवून घेतली होती. तिच्या पोटात मधोमध उभा पडदा. एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला लाल. मुठीखाली दोन बारीक भोकं. ज्यावर अंगठा दाबाल त्या बाजूची धार अडते. सेवकाने अंगठा सरकवला की चमत्कार.

ते लाल पाणी भयंकर असे. कसला रंग, कधीची बाटली, देव जाणे. म्हणून बाई मुलांना घोट शिकवत. "तोंडात धरायचं, घसा हलवायचा, हसायचं, आणि विंगेत जाऊन थुंकायचं. गिळलंत तर दवाखान्यात मी येणार नाही!"

या घोटात आजवरचा पहिला नंबर एका काटकुळ्या पोराचा. त्याचा कंठमणी असा काही खालीवर होई की पहिल्या रांगेतल्या ब्रदरांना तहान लागे. तेच पोर पुढे शिकून परत आलं आणि विज्ञान मंडळाचं प्रमुख झालं. पांढराशुभ्र कोट, कडक घडी. मुलं त्याला इस्त्रीसर म्हणत.

त्या वर्षी बोर्डिंगमधली मुलं सारखी पोट धरून बसत. टाकीचं पाणी वाईट होतं. स्वयंपाकघरात ते उकळून देत, तेव्हा कुठे जरा बरं. मग इस्त्रीसरांनी विज्ञान मंडळाकडून गाळणी करवून घेतली. पिंपात खडी, वाळू, कोळसा. फादर हरखले. बिशपसाहेबांसमोर प्रात्यक्षिक होणार होतं, आणि सोमवारपासून गाळणी थेट भोजनगृहात. मग उकळायची कटकट बंद, जळण वाचेल.

नेमकी तेव्हाच बाईंच्या कपाटातून सुरई गेली. सापडली ती प्रयोगशाळेत, चंदेरी रंग फासलेली, गाळणीच्या नळीखाली.

"ही इथे काय करतेय?"

"बसा ना, बाई." इस्त्रीसर गोड हसले. "गाळणी चालते हो. जरा हळू चालते इतकंच, घाई केली तर गढूळच उतरतं. पाहुण्यांना वेळ कुठे असतो?"

"म्हणजे डबक्याचं पाणी या बाजूला पडणार, आणि त्या बाजूला तू आधीच नळाचं उकळून गार केलेलं भरून ठेवणार. अंगठा सरकवला की चकाचक."

"तुम्हीच तर शिकवलंत."

"मी नाटक शिकवलं, गाढवा! तिथे बघणाऱ्याला ठाऊक असतं की खोटं आहे."

"बिशपसाहेबांनाही आवडेलच की."

"आणि सोमवारी पोरं काय पिणार?"

"तोवर करतो काहीतरी."

बाईंनी पदर नाकाला लावला. वायूमुळे नव्हे. त्या हसण्यामुळे. ओठ मिटून, गालात थोडं धरून ठेवल्यासारखं ते हसू त्यांनीच बसवून घेतलं होतं.

त्या तडक फादरांकडे गेल्या. फादरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "बाई, विज्ञान मंडळाचं कौतुक होतंय म्हणून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण मत्सर हे पाप आहे. शनिवारी कन्फेशनला या."

"येते की. तिथे तरी कुणी ऐकून घेतं," म्हणून बाई दार आपटून बाहेर पडल्या.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पुढे बिशप, शेजारी फादर, मागे बोर्डिंगची पोरं, त्यातली निम्मी पिवळट चेहऱ्याची. इस्त्रीसरांनी डबक्यातलं पाणी पिंपात ओतलं. त्यात शेवाळ लोंबत होतं, काहीतरी वळवळतही होतं. खालच्या नळीतून पाणी सुरईत पडलं. मग सरांनी सुरई उचलली, पेल्यात धार धरली आणि पेला बिशपांसमोर ठेवला. काचेसारखं पाणी! टाळ्यांचा कडकडाट.

बाई विंगेतून चालत मंचावर आल्या.

"एक पेला मलाही."

लोक हसले. नाटकाच्या बाई, काहीतरी गंमत असणार. बिशपही हसले. सरांना नाही म्हणता येईना. बाईंनी सुरई त्यांच्या हातून घेतली आणि स्वतःच ओतली. अंगठा सरकवून.

दुसऱ्या पेल्यात गढूळ, हिरवट पाणी उतरलं. तळाशी काहीतरी बसलं, पुन्हा उठलं.

"शी!" हे पहिल्या रांगेतून आलं. बहुधा फादर.

"असं होतं कधीकधी," इस्त्रीसर मोठ्याने म्हणाले. "दिसतं गढूळ, पण शुद्ध असतं. जंतू मेलेले असतात. हे बघा!" त्यांनी पेला हिसकावला आणि तोंडाला लावला. कंठमणी खाली गेला, वर आला. सर हसले.

सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. मागच्या पोरांनी सुटकेचा श्वास टाकला.

बाई मात्र त्या गळ्याकडे बघत राहिल्या. काय सुरेख घोट! इतका सुरेख घोट खरा असूच शकत नाही.

"चव कशी आहे?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान डोलावली, छान.

"मानेने नको. तोंडाने सांग."

सरांनी विंगेकडे एक पाऊल टाकलं. बाई आडव्या आल्या आणि तालमीत ओरडत तशा ओरडल्या, "तोंड उघड!"

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने सवयीने तोंड उघडलं. हनुवटीवरून हिरवट ओघळ निघाला आणि त्या कडक पांढऱ्या कोटावर पसरत गेला.

कुणीच हसलं नाही. मागे एका पोराला मात्र ओकारी आली.

बिशपांनी आपल्यासमोरचा पेला हळूच बाजूला सरकवला. फादरांचा चेहरा लालबुंद. ते कडेला उभ्या असलेल्या बोर्डिंगच्या आचाऱ्याकडे वळून पुटपुटले, "सोमवारी पाणी उकळायचं. रोज उकळायचं."

विंगेत इस्त्रीसर रुमालाने जीभ पुसत होते. "सगळ्यांसमोर, बाई?"

"तू प्यायलास सगळ्यांसमोर."

"गाळणी खरंच चालते. हळू."

"मग हळू दाखवायची होतीस. बसलो असतो आम्ही."

सुरई बाईंनी राखेने घासली, सोड्याने घासली, उन्हात पालथी घातली. वास जाईना. शेवटी नाक मुरडून त्यांनी ती भंगारवाल्याला दिली. "शी," म्हणाल्या, पण हळू. भिंतीपलीकडून कुणी उत्तर दिलं नाही.

त्या वर्षीच्या नाटकात सेवक झालेल्या मुलाच्या हातात त्यांनी स्वयंपाकघरातला साधा तांब्या दिला.

"बाई, लाल कसं होणार?"

"होणार नाही. तू असा बघ, की लोकांना ते लाल दिसलं पाहिजे."

"आणि घोट? तोंडात धरून मग विंगेत?"

"गिळायचा," बाई म्हणाल्या. "उकळलेलं आहे."