उपटलेल्या केबलमधून आलेलं वजन

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी हसायला म्हणून वाचतो. पिंपळ काय, हिरवी साडी काय... लिहिणाऱ्यांची कीव येते. आज मीच लिहितोय, तेव्हा हसा खुशाल.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी पनवेलला कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. उरण रस्त्यावरच्या एका ट्रकच्या वजनकाट्यावरून बोलावणं आलं — काट्याचा आकडे दाखवणारा डबा वजन बरोबर दाखवतो, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे नाचतात.

पाहतो तर आधीच्या दीडशहाण्याने डबा कॉम्प्युटरला जोडायला टेलिफोनची वायर वापरलेली! टोकं नुसती पिळून वर चिकटपट्टी. असल्यांना सोल्डरिंग आयर्नने डाग द्यायला हवेत. मी जाळीचं वेष्टन असलेली केबल कापली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर झाळले — दोन नंबरची पिन दोनाला, तीन तिनाला, डब्याची सात कॉम्प्युटरच्या पाचाला. मीटरने तपासून जोडली. आकडे स्थिर. दोन ट्रक नीट मोजले गेले.

मग काटा रिकामा असताना पडद्यावर चाळीस किलो आले. डब्यावर मात्र शून्य.

ऑपरेटर म्हात्रे, ओवे गावचा माणूस, खुर्चीतून उठलाच. "सायेब, कोन तरी हाय."

"चाळीस किलोचं भूत? जरा हाडकुळंच दिसतंय," मी म्हणालो. आणि त्याला अक्कल शिकवायला कॉम्प्युटरमागून केबल उपटली. "आता बघ. वजन येणार कुठून?"

चाळीसच.

प्रोग्राम अडकला असणार! मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. केबल माझ्या हातात. तरी चाळीस.

बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता. "घे त्याला वर," मी ओरडलो.

"नाय घेनार," म्हात्रे म्हणाला आणि बाहेर धावला. काट्याभोवती फिरला, वाकला, मग त्याने खड्ड्याचं झाकण उचललं.

काट्याच्या लोखंडी फळीखाली खड्डा असतो. मॅनेजरने एका कातकरी बाईला गाळ काढायला आत उतरवलं होतं आणि स्वतः जेवायला निघून गेला होता. कुणीतरी झाकण लावलं. सोमी नाव तिचं. त्या कोंदट उकाड्यात ती बेशुद्ध पडली होती. म्हात्रे आत उतरला. मी वरून तिला दंड धरून ओढलं. हॉर्न मारणाऱ्याच ट्रकमधून तिला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं.

"अजून थोडा वेळ गेला असता तर..." एवढंच डॉक्टर बोलले. वाचली.

आता तुम्ही म्हणाल, तिचंच वजन. मूर्खपणा! खड्ड्यातल्या माणसाचा भार फळीवर पडतच नाही. आणि केबल तर काढलेली होती.

परतलो तेव्हा पडद्यावर नुसत्या रेघा होत्या, केबल नसताना असाव्यात तशा.  म्हात्रेने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिपोर्टात दोषाचं कारण लिहायचं होतं.  लिहिलं — "केबल सदोष."

माझ्या हाताने झाळलेली, मीटरने तपासलेली केबल. आजवर दुसरं कारण सापडलेलं नाही.