उजव्या हाताचा इंट्रो

आमच्या रविवार पुरवणीच्या संपादकांना इंट्रोचं वेड होतं. लेखाचं पहिलं वाक्य फुसकं निघालं तर ते कागद सरळ अंगावर फेकायचे. "रविवारी सकाळी माणूस पोह्यांची बशी घेऊन बसतो. त्याचा घास हातात राहिला पाहिजे, कळलं ना?" आणि इंट्रो लिहिण्यात आपला हात कोण धरणार, अशी माझी समजूत. तिशीतला होतो, अंगात मस्ती होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेलेली मढची एक होडी आठ दिवस परतली नव्हती. तीत तिघे होते. त्यातल्या सगळ्यात लहानाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. संपादक म्हणाले, "होडीवर नको लिहूस. बायकोवर लिही."

वेसाव्याहून होडीने पलीकडे मढला गेलो. बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी ती मुलगी जाळं घेऊन बसली होती. विशीची असेल. सासू दारात बसून आमच्याकडे बघत होती. मी चार प्रश्न विचारले. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर, "तो येल." रडणं नाही, काही नाही. मला तर घाम फुटला, यावर लिहू काय कपाळ!

तेवढ्यात तिचे हात दिसले. डाव्या हातात कोपराकडे जाणाऱ्या हिरव्या बांगड्या आणि उजवा हात पार मोकळा. तिथल्या तिथे वाक्य सुचलं. 'उजव्या हातातल्या बांगड्या तिने फोडल्या आहेत. डाव्या हातातल्या फोडायचा धीर अजून होत नाही.' आता मी तिला विचारायला हवं होतं की नाही? दुःखात असलं कसं विचारायचं, असं मनाशी म्हणालो. थाप होती ती. उत्तर वेगळं आलं असतं तर वाक्य हातचं गेलं असतं, म्हणून मी तोंड मिटून उठलो.

रविवारी छापून आलं. संपादक कधी नव्हे ते "झकास!" म्हणाले. पार्ल्यात स्टेशनकडे जाताना दोघांनी थांबवून पाठ थोपटली. माझी बायको वाचून रडली. मी दिवसभर हवेत होतो.

बुधवारी आमची नेहमीची कोळीण पाटी घेऊन दारात आली. मढचीच ती, सहा वर्षं आमच्याकडे मासळी टाकत होती. पाटी उतरवली नाही, बायकोला म्हणाली, "बाय, तुझ्या घोवाला बोलव." मी बाहेर आलो. तिने उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. मोकळा होता.

"माझा घोव मेलाय का रं? सकाळीच चा पिऊन जाल्यावर गेला. लग्नात ह्या हाताच्या बांगड्या आमी दर्याला देतो. माझ्या धन्याला सांभाळ, म्हणून. येवडा शिकलास, माना इचारायचा तरी व्हता!"

सहा वर्षं तो हात माझ्या दारात बोंबील मोजत होता आणि मी कधी बघितला नव्हता. लाज वाटली, पण ती अजून सांगतच होती. गावात कुणीतरी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. छापलंय म्हणजे हिनेच सांगितलं असणार, असं सासूने धरलं. जित्या नवऱ्याच्या नावाने बांगड्या फोडल्या म्हणून सांगते, अवदसा! घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

मी धावत ऑफिसात गेलो. संपादक म्हणाले, "अरे, दोन ओळींची दुरुस्ती टाकू रविवारी, आतल्या पानात. एवढं काय?" त्या दोन ओळी मीच लिहिल्या. त्यांना इंट्रो नव्हता.

रविवारी अंक घेऊन मढला गेलो. सासूसमोर स्वतः वाचून दाखवायचं, पाया पडायचं, असं ठरवलं होतं. घरासमोर माणसं बसली होती. शुक्रवारी गोराईकडे होडीचा तुकडा लागला होता, जाळ्यात अडकलेल्या तिच्या नवऱ्यासकट. कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून त्याला ओळखला म्हणे.

सासू माझ्यावर ओरडली नाही. ती सुनेकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "हिनं फोडल्या म्हनून सांगितला, म्हनून ग्येला." त्याला समुद्राने माझ्या लेखाआधीच नेलं होतं, हे मला कळत होतं. पण तो येईल म्हणत बसायचे जे थोडे दिवस त्या मुलीला उरले होते, ते मी खाल्ले. त्याला दुरुस्ती नसते.

मी अंक उघडून वाचायला लागलो. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने पदरातून दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले. डाव्या मनगटावर काचेचे ओरखडे अजून ओले होते.

"लिव आता," ती म्हणाली. "आता खरा हाय."