साडेदहाचा बिट

बायको गेल्यावर कित्येक दिवस मी खराद सुरूच केला नाही. मंगरूळपीरला घराला लागूनच माझी खरादाची खोली आहे. मशीनवर लाकूड फिरवून गोल तासायचं; पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, यांतच आयुष्य गेलं. पुण्याची मुलगी रोज फोन करून विचारायची, "बाबा, जेवले काय?" मी हो म्हणायचो.

मग तिने एक खोकं पाठवलं. आत पेनाचं सामान होतं: निब, क्लिप, कड्या आणि पितळेच्या दोन नळ्या. लाकडात भोक पाडायचं, नळी चिकटवायची आणि मग लाकूड खरादावर उतरवायचं. "हात चालू ठेवा," ती म्हणाली.

नळ्या मोजल्या. बारीक नळी दहा मिलिमीटरच्या जराशी वर, जाड नळी बाराच्या वर. माझ्याकडे भोक पाडायचा दहाचा बिट होता. निंबाच्या तुकड्यात तोच चालवला. नळी अर्धी गेली अन् अडकली. ठोकली तर लाकूड उभं चिरलं. राग यायला हवा होता. काहीच आलं नाही.

सकाळी बसस्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा गल्ल्यावरून उठून बाहेर आले.

"भाभीचं समजलं, भाऊ. लय वाईट झालं. अल्ला सबर देवो."

"हो. साडेदहाचा बिट हाय काय?"

चाचांनी डबा काढला, नळी मागून घेतली, बिटाला लावून पाहिली. "बराबर हाय. गोंदाले जागा लागते ना. मोठ्या नळीले साडेबारा न्या. अन् हळू चालवा, लाकूड तापू देऊ नका."

खोलीत चांगलं लाकूड उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात शिसमाचं लाटणं होतं, लग्नानंतर बायकोसाठी मीच केलेलं. जाडी पुरेशी होती, रेषा सरळ होती. आरीने कापलं. कापताना माझं लक्ष फक्त नळीच्या लांबीवर होतं. यावेळी नळ्या गोंद लावून फिरवल्या तशा आत सरकल्या. अडल्या नाहीत, डुगडुगल्याही नाहीत.

पेन छान झाला.

मुलगी आली ती आल्याआल्या कणीक मळायला बसली. "बाबा, मायचं लाटणं कुठी हाय?"

मी खिशातला पेन तिच्या हातात दिला. लाकडाचा रंग पाहूनच ती समजली. "काहून कापलं तुमी?"

"जाडी बरोबर होती," मी म्हणालो.

ती बराच वेळ रडली. तवा रिकामाच तापून राह्यला होता, म्हणून मी गॅस बंद केला.

नंतर तिने तोंड धुतलं आणि स्टीलच्या पेल्यानेच पोळ्या लाटल्या. वाकड्यातिकड्या झाल्या. आम्ही जेवलो. जाताना तिने पेन पर्समध्ये ठेवला. दुसरं लाटणं करा, असं ती म्हणाली नाही. मीही अजून केलेलं नाही.