मधोमध खुंटी असलेला स्क्रू

नोकरीच्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी जुनी गोष्ट सांगा म्हटले की मला आधी हे प्रकरण आठवते. यात मी एका निर्दोष मुलीला जवळजवळ आरोपी करून टाकले होते.

तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी अकराच्या सुमारास रुग्णालयातून खबर आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात वायुगळती होऊन एक कामगार बेशुद्ध पडला होता. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. कामगार उत्तर प्रदेशातला, पंचविशीचा. दुपारी तो शुद्धीवर आला. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाला, "साहब, भोंपू बजा ही नहीं. बजता तो मैं भाग जाता."

गळती झाली की भोंगा वाजवणारी पेटी त्या विभागाच्या भिंतीवर होती. आम्ही पंचनामा केला. पेटीचे झाकण जागेवर होते, चारही स्क्रू नीट आवळलेले होते. बाहेरून तंत्रज्ञ बोलावून झाकण उघडले तेव्हा आत एक वायर सोडवून बाजूला वळवून ठेवलेली दिसली. म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून भोंगा बंद केला होता. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक पुरुषी आवाज आला. नाव सांगितले नाही. "पेटीला स्टार स्क्रू आहेत. देखभाल विभागातल्या मुलीच्या टूलबॅगेत स्टार बिट आहेत. तपासा." एवढेच बोलून फोन ठेवला.

ती मुलगी जव्हारकडच्या डोंगरपट्ट्यातली होती. घरची पावसावरची थोडी जमीन. आयटीआय करून ती फिटर झाली होती आणि कुंभवलीत खोली घेऊन राहत होती. तिची टूलबॅग आम्ही ताब्यात घेतली. आत खरोखरच पेचकसाला लावायच्या स्टार बिटांचा संच होता, सहा कोनांच्या चांदणीसारख्या टोकांचा. पेटीच्या स्क्रूची खाचही चांदणीसारखीच. माझ्या दृष्टीने जोड जुळली होती. त्याच दिवशी कोळगावला, जिल्हा मुख्यालयात, वरिष्ठांकडे बैठक होती. तिथे मी सांगून आलो, "आरोपी निष्पन्न झाला आहे."

मग तिला चौकशीला बोलावले. महिला कॉन्स्टेबल शेजारी होती. भोंग्याची पेटी का उघडली, असे मी विचारले.

"मी नाय उघडली, साहेब."

"मग कोणी उघडली?"

ती गप्प. दहा मिनिटे मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. ती खाली बघत राहिली. नोकरीभर माझा एक ठोकताळा होता, जो गप्प बसतो त्याच्या पोटात काहीतरी असते. मी जबाब लिहून घ्यायला सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, तुमी तो स्क्रू नीट बघितलाव का?"

जप्त केलेले स्क्रू पाकिटात होते. पंच बोलावून पाकीट उघडले. तिने एक स्क्रू माझ्यासमोर धरला. "ह्याच्या मधी खुंटी हाय. दिसते ना? माझ्या बिटाचं टोक भरीव हाय. त्याला भोक नाय. लावून बघा."

मी स्वतः लावून पाहिला. वीस नंबरचा बिट, वीस नंबरचाच स्क्रू. पण बिट खुंटीवर टेकला आणि खाचेत उतरलाच नाही. जोर देऊन पाहिला, तरी गोल फिरत राहिला. हवालदारानेही पाहिला. चारही स्क्रूंच्या खुंट्या शाबूत होत्या, म्हणजे खुंटी मोडून उघडण्याचाही प्रश्न नव्हता.

"भोकवाला बिट साध्या आणि खुंटीवाल्या, दोन्ही स्क्रूंना चालतो," ती म्हणाली. "पण टोक पोकळ, जास्त जोर लावला का फुटतो. माझं काम पंपाचं, घट्ट बसलेल्या बोल्टांचं. म्हणून आमी भरीवच घेतो."

मी वीस मिनिटांत नवे काही शिकलो होतो आणि मला लाज वाटली. पंचनाम्यात मी नुसते 'स्टार स्क्रू' लिहिले होते; तंत्रज्ञाने झाकण कशाने उघडले, तेही पाहिले नव्हते. तिला सूर्यास्ताच्या आत घरी सोडले आणि तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

कारखान्यात असा बिट कोणाकडेच अधिकृतपणे नव्हता. पेटीची तपासणी करणारा तंत्रज्ञ बाहेरून येई आणि आपली हत्यारे बरोबर आणी. गळतीआधी कित्येक महिने तो फिरकला नव्हता. म्हणून आम्ही बोईसरमधली हार्डवेअरची दुकाने पालथी घातली. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या बाईंनी लगेच सांगितले, "हो, नेला ना एकांनी. पूर्ण संच नको, भोकवाला वीस नंबरचा एकच द्या म्हणाले. पिकलेल्या मिशा. घरच्या वाडीतले चिकूही देऊन गेले मला. चांगला माणूस हो."

मी त्या मुलीला पुन्हा भेटलो, या वेळी तिच्या खोलीवर, महिला कॉन्स्टेबलसह. विचारले, "तुमच्याकडे पिकलेल्या मिशांचा, चिकूची वाडी असलेला कोण आहे?"

तिचे डोळे भरले. "तुमाला कळलंय, तर मला कशाला विचारता?"

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"त्यांच्या पिशवीत तो बिट बघितलेला मी. पण ज्यांनी मला हातात पाना धरायला शिकवला, त्यांचं नाव मी कसं घेऊ? बाकीचे हसायचे, पोरगी काय फिटर होणार म्हणून. ते एकटे नाय हसले."

तो तिचा वरिष्ठ फिटर होता. किनाऱ्याकडच्या जुन्या बागायतदार घरातला, निवृत्तीला आलेला. त्याला ठाण्यात बोलावले आणि समोर दोन बिट ठेवले, एक भरीव, एक पोकळ. त्याने त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "पोरीला कशाला बोलावलेलं इथं?"

"संशय तिच्यावर होता. तुमचं नाव तिनं अजूनही घेतलेलं नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. थोड्या वेळाने पाणी मागितले आणि मग सगळे सांगितले. पेटी बिघडली होती. दिवसातून चार-पाच वेळा उगाच भोंगा वाजे, माणसे पळत आणि परत येत. "मग मानसं पळायची पन बंद झाली, साहेब. जागची हलत नसत. नवी पेटी मागितली मी, लिहून दिलं. वरून एकच, बघू, बघू. म्हटलं, नवी येईतवर बंद ठेवू. माझीच चूक हाय. लिहून घ्या."

जबाब घेतला. त्याने सांगितलेला अर्जही कारखान्याच्या दप्तरात सापडला, पोच म्हणून शिक्का मारलेला. त्यामुळे दोषारोपपत्रात त्याच्याबरोबर तो अर्ज दाबून ठेवणाऱ्या व्यवस्थापकाचेही नाव गेले. मुलीचे नाव साक्षीदारांच्या यादीत आले. तो निनावी फोन कोणाचा होता, ते मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

वरिष्ठांकडे जाऊन मी आधीचे विधान मागे घेतले. बोलणी खावी लागली. ती योग्यच होती.

कामगार बरा झाला आणि गावी जाऊन परतही आला. कारखान्यात नव्या पेट्या बसल्या. त्यांची जबाबदारी त्या मुलीकडे आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला. नव्या कामगारांसाठी सुरक्षेचे प्रशिक्षण होते आणि तिने आपल्या जुन्या वरिष्ठालाही बोलावले होते. मी मागच्या रांगेत बसलो. तो म्हातारा उभा राहिला आणि साठ-सत्तर पोरांसमोर म्हणाला, "भोंगा मी बंद केलेला. एक मानूस मरता मरता वाचला. तुमाला भोंग्याचा तरास झाला तर बंद नका करू. आमच्या ह्या मॅडमला सांगा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती लाजली, पण मान खाली घातली नाही.

चौकशीत गप्प बसणाऱ्या माणसाबद्दलचा माझा ठोकताळा त्या प्रकरणाने मोडला. पुढची सगळी वर्षे समोरचा गप्प झाला की मी आधी त्याच्या कामाबद्दल विचारत असे. काय करतोस, कसे करतोस, कोणी शिकवले. माणसे त्यावर बोलत. आणि ती बोलत असताना मी लिहिणे थांबवून ऐकत असे.