भास्करने न वाजवलेल्या टाळ्या

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला एका डेअरीत शिडीवर चढून कूलिंगची कॉइल काढत होतो. हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन खांद्यात धरला. त्याची मुलगी बोलत होती. सकाळी चहा घेतला, पेपर वाचायला बसले आणि मान टाकली, एवढंच ती सांगू शकली. मी शिडीवरून उतरलो आणि तिथेच दुधाच्या उलट्या क्रेटवर बसलो. शहापूरला जायला निघेपर्यंत किती वेळ गेला, आठवत नाही. डोक्यात सारखं एकच येत होतं, की आज शनिवार आहे आणि संध्याकाळी मॅच आहे.

भास्कर शहापूरचा पोस्टमन. तालुक्याच्या गावातलं अर्धं टपाल आणि डोंगराकडच्या चार पाड्यांचं सगळं टपाल त्याने तीस वर्षं सायकलवरून, नंतर मोपेडवरून पोचवलं. त्याच्या फुटबॉलची सुरुवातही टपालातूनच झाली होती. गावातल्या एका डॉक्टरांचा मुलगा इंग्लंडात शिकायला होता आणि तो घरी पिक्चर पोस्टकार्डं पाठवायचा. त्यातल्या एकावर पावसात भिजणारं स्टेडियम होतं आणि मागे मुलाने लिहिलं होतं, इथला क्लब नेहमी हरतो, तरी मैदान भरलेलं असतं. उघडं कार्ड, भास्करने वाचलं. हरूनही मैदान भरतं, ही गोष्ट त्याच्या मनात जाऊन बसली ती कायमची. पुढे इंग्रजी पेपरांच्या खेळाच्या पानावर त्या क्लबच्या बातम्या शोधता शोधता तो इंग्रजी वाचायला शिकला. बोलता येत नसे, पण कसलंही इंग्रजी पत्र पुढे केलं की अर्थ बरोबर सांगायचा.

मी मूळचा मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याचा. आयटीआय करून आखातात गेलो, अकरा वर्षं एसीची कामं केली आणि परत येऊन शहापूरच्या बाजारात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात एक जुना टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं मॅच बघायचो. भास्कर, मी आणि पतपेढीतला निलेश. सात-आठ वर्षं हे चाललं. भास्करचा क्लब बहुतेक वेळा हरायचा. तो हळहळायचा, पण आमच्यातला सर्वांत आनंदी माणूस तोच असायचा. क्वचित गोल झाला तर अशा टाळ्या वाजवायचा की समोरचा किराणावाला बाहेर येऊन बघायचा.

मग तो क्लब विकला गेला. घेणारी कंपनी नावाला कंपनी, मागे पैसा आखातातल्या एका राज्याच्या सरकारचा. तेच राज्य, जिथे मी अकरा वर्षं काढली होती. इंग्लंडातले क्लबचे प्रेक्षक रस्त्यावर नाचताना टीव्हीवर दिसले. निलेश म्हणाला, भास्करकाका, पेढे काढा, आता तुमचे दिवस आले. भास्कर टीव्ही बघत चष्मा पुसत राहिला.

पुढच्या शनिवारी त्याच्या क्लबने गोल केला. भास्करने टाळी वाजवली नाही. दुसरा झाला, तरीही नाही. मॅच संपल्यावर निलेशने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “ते क्लब खेळासाठी नाय घेत रे. मळलेलं नाव धुवायला घेतात. आमी टाळी वाजवली की नाव धुतलं जातं.”

त्या दिवसापासून आमच्या दुकानात जो वाद सुरू झाला तो भास्कर जाईपर्यंत संपला नाही. निलेशचं म्हणणं सरळ होतं. मालक कोण हे बघत बसलं तर जगात एकही खेळ बघता येणार नाही, आणि आपण शहापुरात बसून टाळी वाजवली काय, न वाजवली काय, त्या राजाला कुठे ऐकू जाते? भास्कर हे शांतपणे ऐकायचा. मग बघणं का सोडत नाही, असं निलेशने एकदा टोचून विचारलं. भास्कर म्हणाला की पत्र कुणाचं आहे, आत काय आहे, हे बघून पोस्टमन पत्र टाकून देत नाही. क्लब त्याने इतकी वर्षं जपून आणला होता, मालक बदलला म्हणून तो रस्त्यावर कसा टाकणार? पण टाळी त्याची स्वतःची होती. ती कुणाला द्यायची, हे तो ठरवणार होता.

मी मात्र या वादात चिडायचो. माझं दुकान, वैशाखऱ्याचं घर, बहिणीचं लग्न, सगळं त्याच देशातल्या कमाईवर झालं होतं. मी म्हणायचो, त्या लोकांनी आमच्यासारख्या हजारोंना पोटाला लावलं, ते कुणी दाखवत नाही. एकदा तर माझा आवाजच चढला. मी म्हणालो, “तू कधी गेलायस तिकडं? तुला काय माहीत तिकडचं?”

भास्कर माझ्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, “नाय गेलो. तूच सांग ना मग.”

आणि तो थांबला. टीव्हीचा आवाज कमी करून, मांडीवर हात ठेवून थांबला... मी त्याला मॉलबद्दल सांगितलं, रुंद रस्त्यांबद्दल, पन्नास मजली इमारती थंड ठेवणाऱ्या चिलर प्लँटबद्दल. तो मान हलवत राहिला. पुढेही जेव्हा जेव्हा वाद पेटायचा तेव्हा तो शेवटी तेवढंच म्हणायचा, तूच सांग. मला वाटायचं, मुद्दे संपले की म्हातारा असं बोलून सुटका करून घेतो.

गेल्या वर्षी त्याच्या क्लबने कप जिंकला. कित्येक वर्षांनी. शिट्टी वाजली तसा निलेश उठून नाचला, मीही ओरडलो. भास्कर उठून मागच्या मोरीत गेला आणि नळ सोडला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा चेहरा ओला होता, डोळे लाल होते आणि हात कोरडे. “खेळले चांगले,” म्हणाला. मोपेड सुरू न करता ढकलतच घरी गेला.

तेराव्याला त्याच्या घरी गेलो होतो. पंगत उठल्यावर ओटीवर एक म्हातारी बाई बसलेली दिसली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. भास्करच्या बायकोने, वहिनींनी, ओळख करून दिली. डोंगराकडच्या एका पाड्यावरची सोनीबाई. तिच्या निराधार पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, तो फॉर्म भास्कर भरून द्यायचा. यंदा कोण भरणार, म्हणून ती विचारत आली होती. वहिनी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, हे दिलीपभाऊ देतील भरून. पिशवीतला कुठला कागद हवा ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने सगळी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली.

रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आणि चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद. मी तो उघडला. तळाशी माझी सही होती.

सोनीबाई रामाची आई होती. रामा सळई बांधायच्या कामावर होता, लेबर कॅम्पात माझ्या खोलीत राहायचा. शहापूरच्या डोंगरातला म्हणून मला आपला वाटायचा. नव्या स्टेडियमचं काम चालू होतं, मीही तिथेच एसीच्या कामावर होतो. सकाळी त्याला चक्कर येत होती, सुट्टी मागितली, मिळाली नाही. दुपारच्या उन्हात तो पडला, तो परत उठला नाही. दोन दिवसांनी कंपनीच्या ऑफिसात माझ्यापुढे कागद ठेवला. हा उन्हाने नाही, जुन्या आजाराने गेला, आणि तो आजार यानेच मला सांगितला होता, असं त्यात खोटंच लिहिलं होतं. सही केली तर बॉडी लवकर जाईल, नाही केली तर तुझंही घरी जाणं लांबेल, असं सांगितलं. मी सही केली. परत आल्यावर त्याच्या घरी जायचं, असं स्वतःशी म्हणत राहिलो. गेलो नाही.

त्या कागदाला टाचणीने एक मराठी चिठ्ठी जोडलेली होती. मनिऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे, भास्करच्या सुबक उभ्या अक्षरात. कागद त्यानेच पाड्यावर पोचवला होता, त्यानेच वाचून दाखवला होता आणि तिच्यासाठी ओळ न् ओळ मराठीत उतरवून दिला होता. स्टेडियमचं नाव, तारीख, कारण, सगळं होतं. फक्त साक्षीदारापुढे नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं : सोबत राहणारा, आपल्याच बाजूचा.

दुकान नवीन असताना त्याने माझ्या नावाचं रजिस्टर पत्र आणलं होतं. सही घेताना त्याने माझं नाव दोनदा वाचलं होतं, गाव विचारलं होतं आणि मग, फुटबॉल बघता का, असं विचारलं होतं. म्हणजे तेव्हाच त्याने मला ओळखलं होतं. इतकी वर्षं आम्ही वाद घातला. माझं तोंड एका वाक्यात बंद करता आलं असतं त्याला. निलेशसमोर, कधीही. त्याने ते वाक्य एकदाही काढलं नाही.

मी सोनीबाईला विचारलं, हा साक्षीदार कोण ते भास्करने कधी सांगितलं का? ती म्हणाली, “इचारलं मी. भास्करभाऊ बोलले, त्याच्याकडून जबरीनं लिहून घेतलं आसल. यील तो आपला आपण सांगाया.”

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. सकाळची चक्कर, सुट्टी, ऊन, ऑफिसातला कागद, माझी सही. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटत होतं, ती शिव्या देईल, निदान उठून जाईल. तिने एवढंच विचारलं, “पानी भेटलं होतं का रे त्याला?”

“दोन घोट प्यायला,” मी म्हणालो. “मीच पाजलं. तिसरा नाय उतरला.”

तिने पदर तोंडाला लावला. मग कागदांमधून पेन्शनचा फॉर्म शोधून माझ्यापुढे सरकवला. वहिनींनी आतून भास्करचं पेन आणून दिलं. मी तिचं नाव, पाडा, वय लिहिलं, तिचा अंगठा घेतला. तळाशी अर्ज भरून देणाऱ्याच्या सहीची ओळ होती. सोबतच्या जुन्या फॉर्मांच्या प्रतींवर, दर वर्षीच्या, त्या ओळीवर भास्करची सही होती. मी तिथे सही केली आणि खाली वाचता येईल असं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.