गाडी चालूच होती

मंडळी, दुपारपासून एकाही गाडीला हात लावला नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

चेरीताल मोहल्ल्यातल्या माझ्या गॅरेजात मी आयुष्यभर मोठ्या महागड्या सेडान दुरुस्त केल्या. पेचकसचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की गाडीचा आजार कळतो. बाबांनी शिकवलेली विद्या.

आज जुने ग्राहक देशमुख साहेब नवी इलेक्ट्रिक सेडान घेऊन आले. "भैया, समोरून किरकिर येऊन राहिली, बघ जरा."

मी बोनेट उघडलं. सगळं चिडीचूप. सवयीनं पेचकस आत घातला, कान मुठीला लावला आणि म्हणालो, "चलो साहेब, चालू करा."

"अरे रुको! काहून मरतो? चालूच आहे ती!"

त्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. पेचकसच्या टोकाशी जाड नारंगी तारा होत्या, जबर करंटच्या.

"राहू दे, शोरूमलाच नेतो," म्हणाले. मी पाणी पिऊन वळलो तर गाडी नव्हती. गेलेलीही ऐकू आली नाही.

करंटची भीती जाईल हो उद्यापर्यंत. पण या कानांवर माझं घर चालतं. सांगा ना, आता मी कान कशाला लावू?